लालसूच्या गाडीची मोठी चाकं

लालसू पुंगाटीला लाज वाटायला काही कारण लागत नसे. एखाद्याला ऊठसूट शिंका येतात, तशी त्याला लाज यायची. आश्रमशाळेत होता तेव्हा दुसऱ्यांदा भात मागायची लाज. नोकरी लागली तेव्हा साहेबांसमोर खुर्चीत बसायची लाज. लग्नात तर स्वतःच्याच बायकोकडं मान वर करून बघेना, तेव्हा रंजीतानंच कोपरानं ढोसून त्याला हळद लावायला लावली. पण माणूस कामाचा. अहेरीला शेतकी खात्यात, बियाण्याच्या गोदामावर होता. रानातल्या त्याच्या इरुकगुडा गावात सरकारी पगार आला तो पहिल्यांदा त्याच्याच घरात, आणि गावाला त्याचं कोण कौतुक. ते कौतुक ऐकायचीही त्याला लाज वाटे, हे आलंच.

त्यानं गाडी घेतली ती जुनीच, पांढरी, लहानखुरी. पेट्रोल अगदी चाटूनपुसून वापरणारी. अहेरीत तो, रंजीता आणि लेक रीना सरकारी खोलीत राहत, पण गाडीचा खरा उपयोग इरुकगुड्यालाच होता. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लालसू गावाला जाई आणि सकाळी गाडी भरून अहेरीला येई. भरून म्हणजे कशी, ते कायद्याच्या माणसाला न सांगितलेलं बरं. मागच्या सीटवर पाच, त्यांच्या मांडीवर दोन, डिकीत मोहाची पोती, पायाशी कोंबडे. पुढच्या सीटवर मात्र एकच माणूस, त्याची आई मंगली. कपाळावर आणि गालांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, लुगडं जुन्या माडिया तऱ्हेचं, अंगात चोळी नाही. गाडी सुरू झाली की ती समोर हात टेकवायची, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि अहेरी येईपर्यंत काढायची नाही. लालसू तिला याया म्हणे. ही मायलेकरं आणि सगळं गाव आपसात माडियात बोलत, इथं ते अहेरीच्या बाजारात ऐकू येतं तशा बोलीत सांगितलं आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत लालसूला धानाच्या बियाण्याच्या प्रशिक्षणासाठी सिंदेवाहीला जावं लागलं. सोबत त्याच्याच खात्यातला मिथुन होता. मिथुन ब्रह्मपुरीकडचा, तोंडाचा मोकळा, मनाचा वाईट नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर उभे होते आणि गाड्या ओळीनं लागल्या होत्या. मिथुन लालसूच्या गाडीकडं बघून म्हणाला, "लालसू भाऊ, गाडी तं बरी हाय, पन हे चाकं कोनाचे लावले? रीनाच्या सायकलचे का?"

सगळे हसले. लालसूही हसला. पण त्या घटकेपासून त्याला आपली गाडी दिसेनाशी झाली, नुसती चाकं दिसू लागली. बाकीच्यांच्या गाड्या कशा टाच वर करून उभ्या, चकचकीत रिमची मोठी चाकं, आणि आपली बिचारी उकिडवी बसलेली. शिकवणारे साहेब बियाण्याच्या उगवणीबद्दल काय सांगत होते ते त्याच्या वहीत उतरलं, डोक्यात नाही.

परतताना मिथुनचं चंद्रपूरला काम होतं म्हणून वाकडी वाट केली आणि त्या निमित्तानं लालसूनं गाडी थेट कमरुद्दीनच्या टायरच्या दुकानापुढं नेऊन उभी केली. कमरुद्दीन पन्नाशीचा, दाढीला मेंदी, बोलायला शौकीन. गिऱ्हाइकानं नुसता टायर मागावा आणि यानं नुसता द्यावा, असं त्याच्या दुकानात होत नसे.

"चाक मोठं करा लागते," लालसू म्हणाला.

"काऊन? बारीक चाकानं काय बिघडवलं तुमचं?" कमरुद्दीन गाडीला एक फेरी मारून आला. "हे पाहा भाऊ, हे रोजच्या वापराची गाडी हाय. कंपनीनं तेरा इंचाचं चाक देल्लं ते काई डोकं न लावता नाई देल्लं. हलकं हाय, पेट्रोल कमी खाते, टायर कुठी बी सस्त्यात भेटते. रबर जाड हाय तं दगडगोट्यात रिम वाचते. चौदाचं टाकलं तं चालून जाईन. पंधराचं दिसन झकास, पन मांगं वजन बसलं का मडगार्डले घासन. अन् ॲव्हरेज जाईन ते निराळं."

"पंधराच टाक ना भाऊ," मिथुन गाडीच्या टपावर हात टेकून उभा होता. "एकदाच होऊन जाऊ दे."

"टाकतो की. मले काय, मले तं धंदाच हाय. पन आधी सांगा, गाडीत बसते किती जन?"

प्रश्न साधा होता. लालसूच्या डोळ्यांपुढं गाडी भरली. गावच्या म्हाताऱ्या गुणाबाईच्या मांडीवर चैतूचा नातू, पोत्यातून गळणारी मोहफुलं, खिडकीतून बाहेर आलेले कोपर, आणि पुढं याया, उघड्या खांद्यांची, समोर हात टेकवून बसलेली. मिथुन ऐकत होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही उगाच ऐकत होती.

"दोघंच," लालसू म्हणाला.

"अन् घरात म्हातारं मानूस? पातळ टायरवर हिसके बसते, म्हाताऱ्याची कंबर जाते, म्हनून विचारून राह्यलो."

"नाई. म्हातारं कोनी नाई."

"रस्ता?"

"डांबरी."

"मंग बिनधास्त पंधराचं टाका," कमरुद्दीन म्हणाला. अशा उत्तरांवर दुसरा कुणीही हेच म्हणाला असता. काढलेली चाकं त्यानं डिकीत ठेवून दिली आणि लालसूला बजावलं, "फेकू नका, काळवेळ सांगून येत नाई."

गाडी दिसायला खरंच झकास झाली. मिथुननं मोबाइलवर तिचे फोटो काढले, लालसूला चाकाशेजारी उभं करून एक. अहेरीला रीना चाकाच्या चकाकीत तोंड बघत बसली. रंजीता तेवढं म्हणाली, "छान हाय. पन गावचे सगळे मावतीन ना याच्यात?" लालसू म्हणाला, गाडी तेवढीच आहे, चाकं बदलली. जुनी चाकं त्यानं खोलीमागं पोत्याखाली झाकून ठेवली आणि ती झाकताना उगाचच इकडं तिकडं पाहिलं.

बाजाराच्या सकाळी इरुकगुड्याला गाडी नेहमीसारखी भरली. नवी चाकं पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली, पोरांनी हात फिरवले, आणि सगळे आपापल्या ठरल्या जागी बसले. गावाबाहेर नाला आहे. त्या उतारात गाडी खाली गेली मात्र, मागून खर्रर्र असा आवाज निघाला की कोंबडेसुद्धा गप्प झाले. वर चढताना पुन्हा तेच. जळक्या रबराचा वास गाडीत भरला.

लालसूनं गाडी थांबवली, उतरला, मागं वाकून पाहिलं. टायर वर मडगार्डात जाऊन रुतला होता. कमरुद्दीननं सांगितलेलं तंतोतंत झालं होतं, त्यात नवल काहीच नव्हतं. आतली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. आता खरं सांगायचं, तर असली चाकं का बसवली ते सांगावं लागणार. ते सांगायचं, तर दुकानात काय उत्तर दिलं ते सांगावं लागणार.

"गाडीचा मांगचा पाय दुखावला हाय," तो म्हणाला. "दुकानवाल्यानं दोघा-तिघांलेच बसवा म्हनून सांगतलं."

म्हातारी गुणाबाई सगळ्यांत आधी उतरली. तिनं आपलं गाठोडं डोक्यावर घेतलं, मडगार्डावर हात फिरवला आणि चालू लागली. तिच्यामागं सगळे उतरले. बस मिळते ती डांबरी सडकेवर, आणि सडक तिथून चांगलीच लांब. लालसू, मंगली आणि कुणाची तरी दिवस भरत आलेली सून, एवढीच गाडीत राहिली. नव्या चाकांवर गाडी दणके खात निघाली. प्रत्येक खड्ड्याला मंगली एक हात कमरेवर दाबून धरायची, दुसरा समोर टेकवलेलाच.

"कशी कण्हून राह्यली पाह्य," ती म्हणाली. "लई दुखत असन इले."

त्या दिवशी लालसूला बाजारात चहा गोड लागला नाही. त्यानं ठरवलं, घरी जायचं आणि जुनी चाकं लावायची. पण दुसऱ्या दिवशी मिथुननं तो फोटो खात्याच्या ग्रुपवर टाकला, साहेबांनी त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला, आणि आता चाकं काढली तर मिथुन काय म्हणेल, या विचारात तो आठवडा गेला. मग दुसरा गेला. खोटं बोलायला एक क्षण लागला होता, निस्तरायला मात्र त्याला मुहूर्त सापडेना.

मोहफुलं पडायला लागली तसे बाजाराला नेण्याचे बोजे वाढले. लालसूची गाडी मागं रिकामी सीट घेऊन जायची आणि गाव डोक्यावर गाठोडी घेऊन वाटेच्या कडेनं जायचं. त्यांना बघून त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. तर तेच लोक हात हलवून त्याला पुढं घालवत. "जा, जा, थांबू नोको. उगाच तिच्या पायावर जोर येईन." एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. लालसू मग पहाटेच निघू लागला, कुणी वाटेत भेटू नये म्हणून. आपल्याच माणसांना चुकवून आपल्याच वाटेनं जायचं, ही नवीन लाज होती, आणि हिच्यापुढं सिंदेवाहीची लाज पोरखेळ होती.

एकदा त्याच्या ध्यानात आलं की वाट बदलली आहे. नाल्याच्या अलीकडचे ते टोकदार दगड, ज्यांना चुकवताना रिम वाजायची, ते कुठं दिसेनात. चाकोरी साफ. पुढच्या वळणावर गुणाबाई आणि दोन बायका मोहाच्या टोपल्या बाजूला ठेवून एक मोठा धोंडा ढकलत होत्या. लालसू उतरला.

"हे काय करून राह्यले?"

"फुलं येचाले आलोच हाव, तं जाता जाता दोन दगड," गुणाबाई म्हणाली. "तुह्या गाडीले लागते ना रे."

लालसूनंही धोंड्याला हात लावला. चौघांनी तो कडेला लोटला. त्याच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण गुणाबाईनं आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्याला प्यायला दिलं, आणि पाण्याबरोबर त्यानं ते गिळून टाकलं. गाडीत बसल्यावर त्याला स्वतःच्या हातांची घाण वाटली. त्यानं ते पँटला पुसले, पुन्हा पुसले.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी तो गावात शिरला तर वेशीजवळच्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, देवाच्या झाडाखाली सगळं गाव जमलेलं. मधे चैतू, गावाचा गायता. देवाधर्माचं तोच बघायचा. त्याच्यापुढं शेणानं सारवलेली जागा आणि तांदळाचे दाणे. गुणाबाईच्या काखेत कोंबडी होती, तिची स्वतःची, अंड्यावरची.

"गाडी इथी घे," चैतू म्हणाला.

"काऊन?"

"अरे, बैल लंगडला तं आपन करतोच ना? हे तं साऱ्या गावाले नेते. इचा पाय इतके दिवस बरा होत नाई म्हनजे काईतरी हाय. आज देवापुढं मांडून टाकू."

लालसूला पळून जावंसं वाटलं. पण मागं लोक गोळा झाले होते आणि पुढं देव. त्यानं गाडी झाडाखाली घेतली. बायकांनी मागच्या चाकावर पाणी घातलं, चिखल धुतला. चकाकती रिम उन्हात लखलखली. चैतूनं तिच्यावर हळदीचं बोट ओढलं आणि लालसूला समोर बसवलं.

"मालकानं सांगा लागते," तो म्हणाला, "दुखनं कसं झालं, कुठी झालं, कोनामुळं झालं. जसं हाय तसं. तवाच कोंबडी दाने टिपन अन् देव तिले घेईन. सांग."

कोंबडी खाली सोडली होती. गुणाबाईनं तिच्या पायाची दोरी हातात धरली होती. माणसांशी खोटं बोलणं त्याला जमलं होतं. येनाच्या झाडाखाली बसून, हळद लावलेल्या चाकापुढं, दुसऱ्याची कोंबडी मरायला घालून खोटं बोलणं त्याच्यानं झालं नाही. त्याचे कान तापले, मान खाली गेली, आणि तो जमिनीशी बोलावं तसा बोलू लागला.

"गाडीले काई झालं नाई. मीच मोठे चाकं बसवले. दिसाले चांगले म्हनून. दुकानात त्यानं विचारलं, किती जन बसता. मी म्हनलो दोघंच. रस्ता विचारला, मी म्हनलो डांबरी. नऊ जन सांगतले असते तं त्यानं असे चाकं देल्लेच नसते. मले लाज वाटली."

"कायची लाज?" चैतूनं विचारलं.

उत्तराची गरजच नव्हती. गाव काही खुळं नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "दोघंच? मंग आमी का मोहाचे पोते होतो?" आणि एकदम हशा पिकला. पोरं हसली, बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या, चैतू तर हसता हसता खोकायला लागला. गुणाबाईनं दोरी ओढून कोंबडी पुन्हा काखेत घेतली. "वाचली माह्यी अंड्याची," ती म्हणाली. "आमी दगड उचलून उचलून मेलो, अन् हा बेटा!"

"जुने चाकं कुठी हायेत?" चैतूनं डोळे पुसत विचारलं.

"घरी हायेत. झाकून ठेवले."

"मंग लाव अन् ये. झालं. देवाले कायले बसवून ठेवतं."

तेवढ्यावर गावानं त्याला सोडलं. इतकं सोपं होतं ते. लोक उठले, गाडीच्या टपावर थापा मारत, मडगार्डाला कान लावून कण्हण्याच्या नकला करत घरोघर गेले. लालसूला रडू येईल असं वाटलं आणि हसूही आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली. त्यानं मान वर करून पाहिलं तेव्हा आई झाडाखाली नव्हती. ती हसणाऱ्यांतही नव्हती.

मंगली घरी चुलीपाशी होती. भात उतरवला होता, सुक्या झिंग्यांची चटणी पाट्यावर वाटून झाली होती. लालसू दारात टेकला. ती पाठमोरीच राहिली.

"दोघं म्हनजे कोन कोन?" तिनं विचारलं.

"मी अन् रंजीता."

"रीना?"

"रीना लहान हाय. तिले तसं मोजत नाई, याया."

"अन् मी पुढं बसतो ते?"

येनाच्या झाडाखाली लालसूनं जे सांगितलं त्यात एक प्रश्न गाळला होता. गावानं तो विचारला नव्हता, देवालाही तो लागला नव्हता. पण इथं तो गाळता येईना.

"दुकानवाल्यानं विचारलं होतं," तो म्हणाला. "घरात म्हातारं मानूस हाय का म्हनून. झटके बसते, कंबर दुखते म्हने."

"मंग?"

"मी नाई म्हनलो."

मंगलीचा हात कमरेवर होता. तो तिनं काढून घेतला, जणू तिथं काही दुखतच नव्हतं.

"तिथी तुह्यासंगं कोन होतं?"

"मिथुन. हापिसातला."

"चांगला मानूस हाय का?"

"हाव. चांगला हाय."

"बरं," मंगली म्हणाली.

तिनं आडव्या दांडीवरची नवी चटई काढून अंथरली. पाण्याचा गडवा आणून लालसूच्या हातांवर पाणी घातलं, नीट, मनगटापर्यंत. मग पळसाच्या पानाची पत्रावळ त्याच्यापुढं मांडली आणि वरचा, मोकळा भात तिच्यात वाढला. त्या घरात पहिलं पान पाहुण्याचं असतं. घरची माणसं मागाहून चुलीपाशी बसतात आणि असेल ते भांड्यातूनच खातात. लालसू आजवर तसाच जेवत आला होता, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"याया, तू बी बस ना," तो म्हणाला.

"तू जेव आधी," ती म्हणाली. "दूर जायचं हाय तुले."

ती दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली, पाहुणा जेवताना उभं राहतात तशी. लालसूनं खाली मान घालून भात कालवला आणि पान रिकामं होईपर्यंत खाल्ला.